कपाटाकडे बोट दाखवणारा बाण

परदेशातून परत आलं की लोक विचारतात, काय काय बघितलं? मी सांगते, हॉटेलच्या खोलीचं छत. समुद्र, बाजार, निजलेले भगवान बुद्ध हे सगळं पाहिलंच. पण त्या छतापाशी गोष्ट सुरू होते आणि ते नीट सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

गोहलपुर

शकीला भाभींचे यजमान रहमत भाई आणि मी जबलपुरात संरक्षण खात्याच्या एकाच कारखान्यात होतो. ते मशीन शॉपमध्ये, मी सेफ्टीत. माझं काम एवढंच, की आग लागली तर माणसं कोणत्या दारातून पळतील हे आग लागायच्या आधी ठरवून ठेवायचं. जन्मभर हेच केल्यामुळे निवृत्तीनंतरही मी लग्नाच्या हॉलमध्ये शिरले की नवरीच्या आधी बाहेरचं दार बघते. आमचे हे या सवयीला कंटाळले आहेत, पण सिनेमागृहात माझ्याशेजारी सगळ्यात निर्धास्त तेच बसतात.

रहमत भाई गेले तरी भाभींचं आमच्याकडे येणं सुटलं नाही. त्या जबलपुरातल्याच गोहलपुर मोहल्ल्यात घरीच सलवार सूट शिवतात. आमच्या कॉलनीतल्या बायकांचे कपडे घेऊन आल्या की माझ्याकडे चहा ठरलेला. आणि ऊन कललं की "चलो दीदी" म्हणून उठणंही ठरलेलं. पोहे परतत असले तरी, बाहेर पाऊस असला तरी. "भाभीची शेवटची बस सुटून राहिली जशी," असं आमचे हे मागून म्हणायचे. गोहलपुरला जायला ऑटो कधीही मिळतो, हे भाभींनाही माहीत होतं आणि आम्हालाही.

त्यांची मुलगी नसीम. तिचं निम्मं लहानपण आमच्या अंगणात गेलं, म्हणून मराठी तिला सगळी कळते आणि अर्धी बोलता येते. ती पीएच.डी. करते. एकदा मी विचारलं, "नेमका विषय काय ग तुझा?"

"मौसी, शेजारी-शेजारी देशांत हलाल टुरिझमवर जो रिसर्च होऊन राहिला ना, त्याचे ट्रेंड. मलेशिया, इंडोनेशिया, थायलंड."

"मराठीत सांग."

ती हसली. "म्हणजे मुसलमान माणूस फिरायला निघाला, तर त्याला चालेल असं जेवण, नमाजला जागा, दारू नसलेलं हॉटेल, हे कुठे कसं मिळते. आणि त्याच्यावर कोण काय लिहून राहिला."

लिहिणारे भरपूर होते. तिने मला चहा थंड होईस्तोवर समजावलं. सुरुवातीला सगळे याला नाव काय द्यायचं यावरच भांडत होते. मग सर्टिफिकेटांची लाट आली, कोण देणार आणि कोणत्या स्वयंपाकघराला. मग प्रश्नावल्यांचा सुकाळ झाला, पाहुणा खूश झाला का, पुन्हा येईल का. आता मोबाइलमधली ॲप्स आली, आणि जिथे मुसलमान थोडे आहेत त्या देशांवर सगळ्यांचा डोळा आहे. मलेशियावाले हॉटेलांवर लिहितात, इंडोनेशियावाले बेटांवर आणि गावांवर, थायलंडवाले बौद्ध देशात हे कसं बसवायचं त्यावर. मला तर गंमतच वाटली. माणसं पाहुणचारावरही ट्रेंड काढतात!

पण नसीमच्या गाइड सरांना गंमत वाटत नव्हती. "बेटा, दूसरों का सब पढ़ लिया। इसमें तेरा क्या है?" असं त्यांनी तोंडावर विचारलं होतं. थायलंडमधल्या हाट याई शहरात एका विद्यापीठाचा सेमिनार होता आणि तिचा पेपर तिथे निवडला गेला होता. सरांनी अट घातली. तिथे पेपर वाच. कोणी एक जरी मनापासून प्रश्न विचारला, तर विषय राहील. नाहीतर नवा विषय घ्यायचा. म्हणजे एवढ्या वर्षांचं वाचन पाण्यात.

मुलीला एकटीला पाठवायचं नाही यावर भाभी अडून बसल्या. मग तुम्ही जा म्हटलं तर म्हणे, "मैं उधर क्या करूँगी दीदी, मुझे तो सिहोरा की बस में भी घबराहट होती है।" शेवटी दोघींनी मिळून माझ्याकडे पाहिलं. माझा पासपोर्ट निवृत्तीच्या वेळी काढलेला. आम्ही विदर्भातून आलेले बौद्ध; बुद्धाच्या देशांत एकदा जाऊन यायचं मनात होतं आणि मनातच राहिलं होतं. हाट याईला निजलेल्या बुद्धाची प्रचंड मूर्ती आहे, हे नसीमने बरोबर त्याच वेळी सांगितलं. पोरगी हुशार आहे. मी निघतेय म्हटल्यावर भाभीही तयार झाल्या.

जॉर्जटाउन, पेनांग

विमानांबद्दल काही सांगत नाही. आम्ही बसलो, उतरलो, परत बसलो, आणि भाभींनी खिडकीतून एकदाही खाली पाहिलं नाही. मलेशियातल्या पेनांग बेटावर दोन दिवस काढून तिथून रेल्वेने थायलंडला जायचं ठरलं होतं, कारण नसीमला दोन्ही देश शेजारी-शेजारी बघायचे होते.

हॉटेल लहानसंच, जुन्या रांगेतल्या दुकानांच्या वर. नसीम फोनचं सिम घ्यायला खाली गेली. भाभी खिडकीशी उभ्या राहून सूर्य कोणत्या बाजूला जातोय याचा अंदाज घेऊ लागल्या. मी माझ्या शिरस्त्याप्रमाणे बाहेरचा रस्ता शोधू लागले. दारामागे नकाशा नव्हता. वर पाहिलं तर छताच्या कोपऱ्यात हिरवा बाण चिकटवलेला, शेजारी मलय भाषेत काहीतरी लिहिलेलं. हिरवा बाण! आमच्या कारखान्यात हिरव्या बाणाचा एकच अर्थ, पळा. मी बाणाच्या दिशेने निघाले आणि थेट कपाटापाशी पोचले.

कपाटामागे दार असेल म्हणून उघडलं. आत इस्त्री, एक चटई आणि भिंत. भिंत ठोकून पाहिली. पक्की.

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी या चुकीवर लोकांना मेमो देत आले, आणि इथे पाहुण्यांना आगीत सरळ कपाटात पाठवतात! "भाभी, यहाँ से हिलना मत," असं सांगून मी खाली गेले आणि काउंटरवरच्या स्कार्फवाल्या मुलीला माझ्या कारखान्यातल्या इंग्रजीत सांगितलं की तुमचा बाण चुकीचा आहे, यात माणसं मरतील. ती बिचारी घाबरली. वर आली. मी बाण दाखवला, कपाट उघडून दाखवलं, भिंत वाजवून दाखवली.

तिने बाणाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि ओठ घट्ट दाबून धरले. तेवढ्यात नसीम आली. त्या मुलीने तिला हळूच काहीतरी सांगितलं, आणि नसीम पलंगावर बसून पोट धरून हसायला लागली.

"काहून हसून राहिली? आग लागल्यावर हसशील काय?"

"मौसी, तो पळायचा बाण नाही! तो किबला आहे. मक्का कोणत्या बाजूला आहे ते. इथे सगळ्या हॉटेलात असते, नमाजसाठी."

कपाटातली चटई म्हणजे नमाज पढायची जानमाज होती. पळायचा रस्ता जिन्याजवळ होता, मोठ्या अक्षरांत, आणि तो मला वर येताना दिसला नव्हता, हे सेफ्टीवाल्या बाईने कोणाला सांगू नये असं आहे. त्या मुलीची मी माफी मागितली. तिने माझे दोन्ही हात धरले आणि जाताना जिन्यात ती मोकळेपणाने हसली, ते आम्हाला वरपर्यंत ऐकू आलं.

भाभी हसल्या नव्हत्या. त्या मान वर करून त्या बाणाकडे बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, "रेल में पूछो, बस अड्डे पे पूछो, पच्छिम किधर है, भैया। लोग ऐसे देखते हैं कि बुढ़िया रास्ता भूल गई। यहाँ तो मेरे आने के पहले ही किसी ने सोच के रखा है।"

त्यांचे डोळे भरले होते आणि चेहरा आनंदाने फुलला होता. मलाही रडू आलं. जगभरच्या दारांची काळजी केली मी, आणि ही दिशा मात्र माझ्या हिशेबात कधी आलीच नव्हती. आमच्याकडे ऊन कललं की त्या नमाजसाठीच उठायच्या, हेही तेव्हा डोक्यात शिरलं.

त्या बाणानंतर भाभींची भीड चेपली. त्यांनी घरून मेथीच्या पुऱ्या, सुके बटाटे आणि शंकरपाळ्यांसारखे गोड खुरमे असा डबा भरून आणला होता, कारण त्या प्रवासात बाहेरचं खात नाहीत, जबलपूरजवळच्या सिहोऱ्याला जातानाही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात एक तमिळ मुसलमान चाचा तव्यावर पापुद्र्यांची रोटी थापटत होते. भाभींनी पाटी वाचायचा प्रयत्न केला नाही. सरळ आत डोकावून चाचांना सलाम केला. चाचांना हिंदी येत नव्हती, भाभींना तमिळ येत नव्हती, तरी दोघांचं बराच वेळ काहीतरी बोलणं झालं. मग त्या येऊन बसल्या आणि डबा पिशवीतून काढलाच नाही.

ती रोटी आपल्या लच्छा पराठ्याची मऊ बहीण. सोबत पातळ वरण, तेही तिखट. दुपारी एकाच भातावर चार रश्शांचे डाव एकमेकांत मिसळून वाढतात ते खाल्लं. सावजीवर वाढलेल्या माझ्या जिभेला ते जरा गोड लागलं, पण मी दोनदा भात घेतला, यावरून काय ते समजा. शेवटी किसलेला बर्फ, हिरव्या शेवया, नारळाचं दूध आणि काळा गूळ. भाभी म्हणाल्या फालुदा आहे. मी म्हटलं फालुद्याचा परदेशी भाऊ. नसीम वहीत काही लिहीत नव्हती, नुसती खात होती, आणि मधूनच म्हणायची, "मौसी, पेपरमध्ये याचं नाव वाचलं होतं. चव कोणीच लिहिली नव्हती."

सीमेवर

बेटावरून बोटीने समोरच्या किनाऱ्यावर आलो; तिथून निघालेली गाडी भाताच्या शेतांमधून, उभ्या चुनखडी टेकड्यांमधून सीमेपर्यंत जाते. स्टेशन एकच, एका खिडकीवर मलेशिया संपतो आणि पुढच्या खिडकीवर थायलंड सुरू होतो. घड्याळही तासभर मागे जातं. एवढ्या शांततेत देश बदलतो याचं मला नवल वाटलं; आमच्या जबलपूर स्टेशनावर प्लॅटफॉर्म बदलताना याहून जास्त गोंधळ होतो.

खिडकीवरच्या साहेबाने भाभींना विचारलं, पिशवीत काय? भाभींनी डबा उघडून खुरमा त्याच्यापुढे धरला. तो ड्यूटीवर होता, मान हलवून हसला. पण मागच्या रांगेतल्या मलय आजींनी हात पुढे केला, त्यांच्या नातवंडांनीही केला, आणि गोहलपुरचे खुरमे दोन देशांच्या मधे संपले.

नसीम मात्र गप्प होत चालली होती. पुढच्या गाडीत ती लॅपटॉप उघडायची, बंद करायची.

"काय झालं?"

"मौसी, सगळं आहे याच्यात. कोण कधी काय लिहिलं, सगळं. पण सर बरोबर बोलले. माझं काहीच नाही."

भाभींना मराठी फारशी कळत नाही, पण मुलीचा आवाज कळतो. त्यांनी तिच्या हातात उरलेली पुरी दिली. मी त्यातली अर्धी मागून घेतली.

हाट याई

सेमिनार दुसऱ्या दिवशी होता, म्हणून आधी बुद्ध. त्याआधीच्या जेवणाचं तेवढं सांगते. रस्त्यावर हिजाब घातलेल्या बायका कोंबडी तळत होत्या, वर कुरकुरीत तळलेला कांदा मूठभर. गाड्यावर हिरवी हलालची पाटी, शेजारी लॉटरीवाली, आणि समोरून भगव्या चीवरातले भिक्खू चाललेले. कोणी कोणाकडे वळून बघत नव्हतं. मी तो कांदाच जास्त खाल्ला.

विहारात पोचले. बुद्ध कुशीवर निजलेले, एवढे मोठे की पायापासून चेहऱ्यापर्यंत चालत जावं लागतं. चेहऱ्यावर मंद हसू. मी वंदना म्हटली. शेजारी एक थाई बाई म्हणत होती, तिचे उच्चार वेगळे, पण "बुद्धं सरणं" दोघींचं एकाच ठिकाणी आलं. तिने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. माझ्या आईची फार आठवण झाली, तिने हे बघायला हवं होतं.

बाहेर आले तर भाभी झाडाखाली बाकावर, माझ्या चपला आपल्या पायांशी ओढून घेऊन बसलेल्या. ऑटोसारख्या गाडीचा ड्रायव्हर घाई करत होता, त्याला त्यांनी हातानेच थांबवून ठेवलं होतं.

"हो गया दीदी? आराम से हुआ ना? जल्दी तो नहीं की?"

मी म्हटलं, "आराम से हुआ, भाभी."

"बस। फिर ठीक है।"

नसीम बाजूला उभी राहून आम्हा दोघींकडे बघत होती. आईकडे, मग माझ्याकडे, मग चपलांकडे.

सेमिनारमध्ये तिचा नंबर जेवणानंतर. भरल्या पोटाचे लोक, गार हवा, मंद दिवे. माझ्या पुढचे प्राध्यापक तर चक्क पेंगत होते. नसीमने ट्रेंड सांगायला सुरुवात केली. नावाचे वाद, सर्टिफिकेटं, प्रश्नावल्या. चांगलं बोलत होती, पण कोणी मान वर करेना. भाभी डोळे मिटून दुआ करत होत्या, आणि मी काय, मीही आतल्या आत त्रिसरण म्हणत होते.

मग नसीम थांबली. पडद्यावरचं चित्र तसंच राहिलं. ती इंग्रजीत म्हणाली, "आता मी तुम्हाला माझ्या मौसीची गोष्ट सांगते. ती मुसलमान नाही, आणि पेनांगमध्ये तिला वाटलं की किबल्याचा बाण आगीतून पळायचा रस्ता आहे."

तिने सगळं सांगितलं. कपाट, इस्त्री, भिंत ठोकणं. हॉल उठून बसला. पेंगणारे प्राध्यापक चष्मा काढून डोळे पुसत होते. मलेशियाच्या बाकावरच्या बायका तर एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं आणि त्याच वेळी मी हसतही होते.

हसू ओसरल्यावर ती म्हणाली, "मी जेवढं वाचलं त्या सगळ्यात मुसलमान प्रवासी आहे आणि त्याची सोय करणारा आहे. त्याच्यासोबत आलेला मित्र मला कुठे सापडला नाही. काल माझी अम्मी विहाराबाहेर बसून मौसीच्या चपला सांभाळत होती. पेनांगमध्ये अम्मीला बाण सापडला तेव्हा मौसी रडली. ज्याची सोय झाली त्याचा आनंद सगळे मोजतात. सोबतच्या माणसाचा कोणी मोजला का? मला हे शोधायचं आहे."

मग इंडोनेशियाच्या एका बाईंनी हात वर केला. "मौसी इथे आहेत का?"

मला उभं राहावं लागलं. त्यांनी विचारलं, मुसलमानांसाठीच्या सोयींनी भरलेल्या हॉटेलात तुम्हाला काय मिळालं? मी माझ्या इंग्रजीत सांगितलं, "माय फ्रेंड वॉज ॲट ईझ. सो आय स्लेप्ट वेल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागून एक थाई विद्यार्थी उठला. म्हणाला, माझा खोलीतला सोबती मुसलमान आहे, आम्ही नेहमी मिळून फिरतो, आणि कोणत्याच प्रश्नावलीने मला काही विचारलं नाही. मग तिसरा हात, मग आणखी. अध्यक्षांनी घंटी वाजवली तरी हात वरच. नसीम उत्तरं देत होती आणि तिच्या आवाजात गाडीतला तो ओलेपणा कुठेच नव्हता. भाभी मला कोपराने ढोसत विचारत राहिल्या, "सवाल हुआ ना दीदी? यही सवाल है ना?"

"भाभी, एक नहीं, ढेर सारे!"

घरी

परत आल्यावर नसीम सरांकडे गेली आणि तिथून सरळ आमच्याकडे, हातात खोव्याच्या जलेबीचा पुडा. दारातूनच ओरडली, "मौसी, सर बोलले, आता तुझं काहीतरी आहे! विषय तोच राहिला!" आमच्या ह्यांना साखर मना आहे. त्यांनी त्या आनंदात दोन खाल्ल्या आणि मी बघितलं नाही असं केलं.

त्याच पोरीला मी फोनवर दिशा बघायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी शिडीवर चढले.

"काय करून राहिली तू या वयात? उतर खाली," आमचे हे शिडी धरून म्हणाले.

"सेफ्टीचं काम आहे."

चार दिवसांनी भाभी आल्या. कपडे दिले, चहा झाला, पेनांगच्या रोटीच्या आठवणी झाल्या. ऊन कललं. "चलो दीदी," म्हणत त्या उठल्या.

"चलो," मी म्हटलं, "लेकिन उधर." आणि त्यांना आतल्या खोलीत नेलं.

पलंगाशी नवी चटई होती. वर छताच्या कोपऱ्यात हिरवा बाण, आमच्या कारखान्यात लावायचो तसलाच, अंधारात चमकणारा. जबलपुरात आमच्या घराची रचना अशी, की तो इथेही नेमका कपाटाकडेच बोट दाखवत होता.

भाभींनी मान वर केली. बराच वेळ खाली केली नाही. त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं, आणि मग ओढणीने तोंड पुसत त्या माझ्याकडे वळल्या.

"अच्छा दीदी, ये बताओ। आग लगी तो किधर भागना है?"

आम्ही दोघी इतक्या हसलो की आमचे हे पेपर टाकून धावत आले. मग मी दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन पाटवडीच्या रश्शाला फोडणी दिली. भाभी बाहेर आल्या तेव्हा दिवे लागले होते. त्यांची शेवटची बस निघून गेली होती, आणि त्या आमच्याकडे पोटभर जेवल्या.